भुऱ्याच्या नऊ गोळ्या

मी आयुष्यात एकाच रोग्यावर उपचार केले, आणि त्या रोग्याला चार पाय होते.

रोगी म्हणजे आमचा कुत्रा भुऱ्या. देऊळघाटच्या शिवारात आमची वांग्या-मिरच्यांची बाडी होती आणि रानडुकरं तिथं जावयाच्या हक्कानं यायची. त्यांना हुसकायचं काम भुऱ्याकडे. वडील गेल्यावर माय एकटीच बाडीत राबायची. भुऱ्या तिच्या पायाशी असला की मी घरी निश्चिंत बसायचो. (निश्चिंत बसणं हे काम मी तेव्हा मन लावून करत असे. मॅट्रिक झालो होतो ना!)

एका सकाळी भुऱ्या लंगडत आला. डुकरामागे धावताना खडकावर आपटला होता आणि मागचा पाय सुजला होता. माय नेमकी दोन दिवसांसाठी बीबी गावाला माझ्या बहिणीकडे निघालेली. एसटीत चढता चढता म्हणाली, "बापा, भुऱ्याकडे पाहाजो."

नुसतं पाहायचं होतं. पण शिकलेल्या माणसाला नुसतं पाहवत नाही. घरात डोकेदुखीच्या गोळ्यांची डबी होती. मला एक गोळी पुरायची. कुत्र्याला किती, एवढाच प्रश्न होता.

"शांते, आपल्या बैलाले दवाई किती पाजतेत?" मी बायकोला विचारलं.

"नळ्यानं बाटलीभर."

"म्हंजे जनावराले माणसापेक्षा जास्त लागते. भुऱ्या जनावर हाये का नाई?"

"हाये. पण अवो, तो बैल नाई."

हा मुद्दा मी किरकोळ म्हणून सोडून दिला आणि तीन गोळ्या ठरवल्या. गोळ्या कुटून, तुपाच्या भाकरीत कालवून समोर ठेवल्या. भुऱ्यानं माझ्याकडे इतक्या विश्वासानं पाहत त्या खाल्ल्या की आपण डॉक्टर व्हायला हवं होतं असं मला वाटून गेलं.

दुपारी त्यानं भाकरीला तोंड लावलं नाही. "दुखणं मोठं दिसते," असं म्हणून मी आणखी तीन गोळ्या दुधातून त्याच्या घशात ओतल्या. संध्याकाळी तो ओकला.

"अवो, पोरासारखा कण्हून राह्यला तो," शांता म्हणाली.

"दवाई लागू पडून राह्यली. घाण बाहेर पडते." आणि ओकारीत औषधही गेलं असणार, म्हणून आणखी तीन!

चौथ्या वेळी डबी सापडली नाही. शांतानं ती मिठाच्या मडक्यात लपवली होती. तिनं लपवली नसती तर ही आठवण हसत सांगता आली नसती, हे मी तिच्यासमोर कधी कबूल केलं नाही. आज करतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय आली तेव्हा भुऱ्या अंगणात आडवा पडला होता. शी डांबरासारखी काळी, ओकारीत रक्त. मायला पाहून त्यानं शेपटी हलवायचा प्रयत्न केला, पण हलली नाही.

"काय चारलं याले?"

"गोळ्या. डोकेदुखीच्या."

"त्याचं डोकं दुखत होतं का?"

"पाय."

माय त्याच्याजवळ बसली. मला एक शिवी दिली नाही. "याच्या भरवशावर मी एकटी बाडीत जातो बापा," एवढंच म्हणाली. त्यापेक्षा तिनं मला काठीनं बडवलं असतं तर बरं झालं असतं.

भाजीच्या मोठ्या टोपल्यात भुऱ्याला ठेवलं, वर मेथीच्या जुड्या पसरल्या आणि आम्ही बुलढाण्याची एसटी पकडली. कंडक्टरनं विचारलं, "टोपल्यात काय हाये?"

"मेथी," मी म्हणालो. मेथी कण्हली.

त्यानं जुडी उचलून पाहिलं, मायच्या तोंडाकडे पाहिलं आणि जुडी परत ठेवली. "मेथी लय बिमार दिसते. घ्या पुढं जागा करून." देव त्याचं भलं करो.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर साताऱ्याकडचे होते. "किती गोळ्या दिल्या?"

"नऊ."

"कोणी सांगितलं?"

"बैलावरून काढलं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "अहो, या गोळ्यांनी कुत्र्याचं पोट आतून सोलून निघतं, रक्त सुटतं. माणसाची गोळी कुत्र्याला आपल्या मनानं अर्धीसुद्धा द्यायची नसते. नुसता बसवून ठेवला असता तरी पाय चार दिवसांत बरा झाला असता."

म्हणजे मायनं सांगितलेलं 'पाहाजो' हेच खरं औषध होतं.

इंजेक्शनं झाली, सलाईन झालं. तीन दिवस माय दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिली, आणि डॉक्टर स्वतःच्या घरून भुऱ्यासाठी तांदळाची पेज आणत राहिले. ना ओळख ना पाळख. त्या माणसाचे उपकार मी अजून विसरलेलो नाही. चौथ्या दिवशी भुऱ्या उठला, मायचा हात चाटला, डॉक्टरांचा चाटला आणि मला पाहून टेबलाखाली जाऊन बसला.

पुढं काही महिन्यांनी डॉक्टर आमच्या बैलाला तपासायला बाडीत आले. मी डोकं धरून खाटेवर पडलो होतो. माय डबी घेऊन आली. आता तिचा दुसऱ्या कुठल्याच डॉक्टरवर विश्वास उरला नव्हता.

"साहेब, याचं डोकं दुखून राह्यलं. याले किती द्याच्या?"

डॉक्टरांनी आधी बैलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एकच द्या. माणूस आहे तो."

"पक्कं ना?" मायनं विचारलं.

मी माणूस असल्याचा जाणकारानं दिलेला तेवढाच एक दाखला माझ्याकडे आहे. तोही गुरांच्या डॉक्टरचा. आणि डबी वाजताच मिरच्यांत पळालेल्या भुऱ्याला तो शेवटपर्यंत मान्य झाला नाही.