दाद आणि दिंडी

आमच्या मागच्या दाराला भोक पाडलं, तो दिवस मी घराण्याच्या इतिहासात नोंदवायला तयार होतो. अगदी रीतसर भोक होतं. दाराच्या खालच्या फळीत कापलेला चौकोन, त्याला जाड प्लास्टिकचं झुलतं झाकण, आणि झाकण आपोआप मिटावं म्हणून खाली लोहचुंबकाची पट्टी. सुतार गेल्यावर आईने खुर्चीतूनच पाहणी केली.

"दिंडी दरवाजा केलास की. किल्ल्याला असतो तसा. आता सरदार तेवढे आत आले म्हणजे झालं."

सरदार म्हणजे आमचा कुत्रा. तांबूस, वयाने प्रौढ, एक कान उभा आणि दुसरा कायमचा पडलेला. मुळात तो शेजारच्या तमिळ आजी-आजोबांचा. ते मुलाकडे परदेशी निघाले तेव्हा आजोबांनी पट्टा माझ्या हातात ठेवला आणि डोळे पुसले. असा बांधेसूद निरोपाचा प्रवेश समोर चालू असताना माझ्यासारख्या हौशी नटाला नाही म्हणता येत नाही.

"अहो, मला विचारायचं तरी," बायको म्हणाली.

"पडदा पडल्यावर काय विचारणार?" मी म्हणालो.

त्याच सुमारास गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आई नागपूरहून आमच्याकडे राहायला आली. आम्ही नवरा-बायको दिवसभर बाहेर. माझं ऑफिस गिंडीला, तिची बँक. आईला तमिळ येत नाही. तेव्हा चेन्नईत दिवसभर तिच्याशी मराठीत बोलणारं कुणी नाही, आणि ऐकणारा एकटा कुत्रा. तो मात्र सगळं ऐकायचा, जावेच्या तक्रारींसकट.

अडचण एवढीच, की त्याला घटकेत परसात जायचं असे आणि घटकेत आत यायचं असे. दार उघडं ठेवावं तर डास आणि बोके. त्याने नखांनी दार खरवडलं की आई वॉकर ढकलत उठायची. एकदा ती दारापाशी अडखळली आणि जेमतेम सावरली. संध्याकाळी बायकोने शांतपणे निकाल दिला.

"माझा भाऊ शहराबाहेर गुम्मिडिपूंडीला आहे. त्यांच्या कारखान्याला राखणीसाठी कुत्रा हवाच आहे. आई, तुमचा गुडघा आधी."

आई भेंडी जरा जोरातच चिरू लागली. मग म्हणाली, "जाईना का. मला काय, बोलायला भिंती आहेत."

मी पोंगलपर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, मुदत मागून घेतली आणि सुतार बोलावला. सुट्टीत मेहुणा गाडी घेऊन येणार होता. तोवर कुत्रा दिंडीतून ये-जा करायला शिकला तर तो आमचा, नाही तर कारखान्याचा.

बाहेर जायला तो लगेच शिकला. निकड फार चांगली शिक्षिका आहे. आत मात्र येईना. एरवी त्याला बोलवावं लागतच नसे, दार उघडलं की स्वारी आत. आता बंद दारामागे बसून, झाकण वर धरून आम्ही हाका मारू लागलो. बायको उकडलेलं अंडं दाखवून म्हणायची, "ये ना रे, ये ये." आई म्हणायची, "ये रे मेल्या, ये." आम्ही जेवढी माया ओतावी तेवढा तो कान पाडून मागे सरके, आणि शेवटी नारळाच्या बुंध्याशी पोटावर आडवा होई. मी आवाज बदलून पाहिले. लाडिक, भारदस्त, खलनायकाचा कुजबुजता.

"तू नाटक कमी कर," आई म्हणाली. "त्याला घाम फुटलाय."

पोंगलच्या सकाळी मेहुण्याचा फोन आला, निघालोय म्हणून. मी शेवटचा उपाय काढला: प्रात्यक्षिक. जमिनीवर ओणवा झालो आणि दिंडीतून डोकं बाहेर काढलं. समोर कुत्रा, वर गच्चीत कपडे वाळत घालणाऱ्या शेजारीणबाई.

"काय सार, किल्ली हरवली?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

मी मान हलवण्याच्या स्थितीत नव्हतो. "ये," मी कुत्र्याला म्हणालो. "ये राजा, ये." राजाने माझ्याकडे पाहिलं, उठला, आणि सावकाश पाठ फिरवून बसला. आजवर माझ्या कुठल्याही प्रयोगात प्रेक्षकाने असं केलेलं नाही. मी दुखावून म्हणालो, "वा. वा, महाराज, वा."

महाराज गर्रकन वळले आणि भरधाव येऊन माझ्या नाकावर आदळले. मी मागे कोलमडलो, तो माझ्यावरून आत, आणि आईच्या पायाशी जाऊन शेपूट आपटत बसला. झाकण मिटल्याचा ठक्क आवाज आला.

बाहेरून बाईंचा आवाज येत होता. "आता कसं नीट बोलावलंत. आठवडाभर बघतेय, तिघंही त्या बिचाऱ्यावर एय् एय् करून खेकसताय. इतकं काय केलं त्याने?"

मी फरशीवर पडल्या पडल्याच हसू लागलो. आमचं 'ये' तमिळ कानाला 'एय्' लागत होतं. तमिळमध्ये 'एय्' म्हणजे दरडावणं, आणि 'वा' म्हणजे ये. इतकी वर्षं या शहरात राहून, भाजीवाल्याशी तमिळमध्ये घासाघीस करून, मला हे सुचलं नव्हतं. कुत्र्याशी बोलताना माणूस आपल्या आईच्या भाषेत बोलतो. आणि तो ऐकत होता त्याच्या आजोबांच्या.

दुपारी मेहुण्यासमोर प्रयोग झाला. बायको म्हणाली "वा", कुत्रा आत. मेहुणा म्हणाला "वा", कुत्रा पुन्हा आत. मेहुण्याने गोड पोंगल दोनदा वाढून घेतला आणि आणलेली साखळी तशीच परत नेली. बायकोने उरलेलं अंडं कुत्र्यापुढे ठेवलं. तिच्याकडून तेवढी कबुली पुष्कळ झाली.

आईला मोबाईलवर गाणी ऐकायचा नाद आहे. एखादी तान जमली की ती "वा" म्हणते, आणि परसातून कुत्रा धावत येतो. "मी याला कुठे बोलावलं, मी गाण्याला दाद दिली," असं ती पहिले काही दिवस म्हणत असे.

परवा मी ऑफिसातून लवकर आलो. आई टीव्हीसमोर बसली होती, तमिळमध्ये हवामानाच्या बातम्या चालू होत्या. बंगालच्या उपसागरात कुठेतरी कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता.

"वा," आई म्हणाली, आणि मागच्या दाराचं झाकण ठक्क वाजलं.