घाटात तिसराच

बुटीबोरीच्या बाजूला ट्रकचं गॅरेज टाकलं की किस्से जमवावे लागत नाहीत, गाड्यांबरोबर ते आपोआप येतात. प्रल्हादभाऊंचे किस्से मी टपरीवर सांगतो तेव्हा सगळे हसतात. मी हसत नाही, कारण त्यांचा ट्रक मीच खोलला होता.

*

प्रल्हादभाऊ स्वतःच्या ट्रकमधून जबलपूरला सूत नेतात. एक दिवस येऊन म्हणाले, "लई डिझेल पिऊन राहिला गा हा. मागच्या एक्सलची क्राउन-पिनियन बदलून दे."

दातांची ही जोडी बदलली की तेवढ्याच रस्त्याला इंजिन कमी फिरतं, डिझेल वाचतं. पण उतारावर इंजिन गाडीला पूर्वीसारखं धरून ठेवत नाही. हे मी दोनदा सांगितलं.

"मले घाट नको शिकवू. तुह्या लग्नाच्या आधीपासून उतरून राहिलो."

*

पहिल्या खेपेहून परतले ते पेढे घेऊनच. "डिझेल तर वाचलंच. वरून काटा साठच्या पुढे नाही गेला, तरी तासभर आधी पोचलो!"

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. त्यांचा मीटर गिअरबॉक्सवरून चालतो. मागची जोडी बदलल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. काटा साठ दाखवत होता तेव्हा ट्रक सत्तरच्या वर पळत होता. हे मी भीत भीत सांगितलं.

"तरीच," भाऊ म्हणाले, "बाकीचे सारे हळू काहून चालून राहिले, समजतच नव्हतं."

*

मग त्यांच्या बायकोचा, शीलाताईंचा फोन आला. "ते कोणाचं आयकत नाहीत. तुम्ही बाजूले बसले तर लाजेनं तरी हळू चालवतील." मी गेलो.

*

आमच्याकडच्या ड्रायव्हरांचा प्रत्येक घाटाचा गिअर ठरलेला असतो. जबलपूर रोडचा तो घाट भरल्या गाडीने उतरायचा, तर तिसरा. भाऊंनी तिसरा टाकला. पण नव्या जोडीवर तोच तिसरा कितीतरी जोरात पळत होता. दुसऱ्या वळणावर ब्रेकचा जळका वास आला.

"भाऊ, दुसरा टाका."

"या घाटात तिसराच," ते म्हणाले, पण आवाज बारीक झाला होता. पुढच्या वळणावर दुसरा टाकायला गेले, तर वेगामुळे तो पडेना. मी डोळे मिटून घेतले. शेवटी त्यांनी डोंगराच्या कडेला ट्रक घासत घासत थांबवला.

खाली उतरलो. भाऊ चाकाशी बसले. तेवढ्यात आठवलं, यांचं मायलेज ऐकून मागच्याच आठवड्यात मी मेहुण्याच्या ट्रकलाही अशीच जोडी बसवली होती. त्याची खेपही याच रस्त्याची. फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"बोला भाऊजी," तो म्हणाला. "आरामात बोला. घाटच उतरून राहिलो, तिसऱ्यात."