टाइपच्या ओळीतली मोकळी जागा

शनिवारी दुपारी यजमान गेले. टाइपरायटरवर पान होतं.

आम्ही तेव्हा बोईसरला राहत होतो. ते तिथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि मी पालघरच्या एका ग्रंथालयात काम करायची. लग्नाआधी, सत्तरच्या दशकात, मुंबईला संध्याकाळच्या वर्गात मी रशियन शिकले होते. तेव्हा पुष्कळ जण शिकायचे. बहुतेकांचं पुढे सुटलं. माझं टिकलं, कारण ग्रंथालयात दुपारी फारसं कुणी येत नसे आणि वाचायला वेळ मिळे.

मुंबईच्या एका लहान प्रकाशकाला रशियन कथांचा इंग्रजी संग्रह काढायचा होता. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं. म्हणून आम्ही काम वाटून घेतलं. मी रशियन वाक्य वाचून मराठीत तोंडी सांगायची आणि ते ऐकून ते इंग्रजीत टाइप करायचे. मधलं मराठी कुठेच लिहिलं जात नसे. खालच्या खोल्यांमधले कारखान्याचे कामगार पाळी संपवून आले की हिंदीत गलका सुरू व्हायचा. मग आम्ही थांबायचो.

संग्रहातली शेवटची कथा एका म्हातारीची होती. गावातली माणसं निघून गेली आहेत, ही एकटी मागे राहिली आहे. रोज चूल पेटवते, दारातलं बर्फ बाजूला करते. बाकी काही घडत नाही. पण ओसाडीचे आणि एकटेपणाचे शब्द पानोपानी. 'ग्लुश' म्हणजे माणसांपासून दूरची, आवाज न पोचणारी जागा. त्याला मी आडरान म्हटलं, आणि त्यांनी थोडी कुरकुर करून इंग्रजी शोधलं. तिच्या घराला लेखकाने अनाथ या अर्थाचा शब्द लावला होता. 'पोरकं घर' मला लगेच सुचलं. "इंग्रजीत घर पोरकं होत नाही," ते म्हणाले, आणि तिथेही बराच वेळ गेला. मग 'तस्का' आला, मन आतून कुरतडणारी उदासी.

"हुरहूर," मी म्हटलं.

"हुरहुरीत कुणीतरी यायचं असतं. हिच्याकडे कोण येणार आहे?"

"मग असं म्हणा, तिला करमत नाही."

"हे बरोबर. आता याचं इंग्रजी कोण सांगणार? तुझा सासरा?"

अडलेल्या शब्दापाशी ते थांबत नसत. टाइपरायटरचा स्पेसचा दांडा मोजून दाबून शब्दापुरती जागा मोकळी सोडत आणि पुढे जात. संध्याकाळी चहा झाला की पान पुन्हा चढवून, ओळ नीट जुळवून, त्या जागेत शब्द टाइप करत. तो नेमका बसत असे. मी एकदा विचारलं, बसतो कसा?

"शब्द तेव्हाच ठरलेला असतो. संध्याकाळपर्यंत नुसता मुरू द्यायचा."

"मग मला आधी सांगा ना."

"लोणचं कुणी पहिल्या दिवशी उघडतं का?"

त्या शनिवारीही त्यांनी 'तस्का'साठी जागा सोडली, पुढची दोन वाक्यं केली, जेवले आणि जरा आडवे झाले. ते उठले नाहीत.

काही आठवड्यांनी प्रकाशकाने माणूस पाठवला. घाई नाही म्हणाला, पण बाकीचं पुस्तक तयार होतं. ही कथा नसेल तर तिच्याशिवाय छापणार होते. मी म्हटलं, मी पुरी करते. पण त्याआधी मला त्या जागेत त्यांनी धरलेला शब्द हवा होता.

कोऱ्या कागदावर मी इंग्रजी शब्द टाइप करायची आणि तो कागद त्यांच्या पानावर धरून उजेडात बघायची. 'लोन्लिनेस' बाहेर जायचा. 'ग्रीफ' ठेवला तर जागा उरायची. काही शब्द नेमके बसले, पण ते त्यांनी वापरले नसते. ग्रंथालयातून घरी आले की मी हेच करत बसे.

जवळच्या दांडी गावची एक कोळीण आमच्याकडे नेहमी यायची. मी तिला दारातूनच नको म्हणू लागले होते. एक दिवस ती पाटी उतरवून बसलीच.

"बाय, सर गेलं म्हून तू म्हावरा सोडलास काय? सर काय बोंबलावर रुसून गेलं नाय."

"एकटीसाठी काय करायचं?"

"एकटीला पोट नाय? लहान वाटा लावते, घे." तिने बोंबलांचा वाटा मांडला, मग त्यातले दोन उचलून परत पाटीत टाकले. "करमतं काय?"

"नाही. घरात बसवत नाही."

"तं बाहेर बस," ती म्हणाली, आणि पाटी डोक्यावर घेऊन निघाली.

बोंबील साफ करताना मला कळलं की म्हातारीबद्दल मला काय म्हणायचं आहे. ते एका शब्दात नव्हतं. घर होतं तसंच होतं आणि तिला त्यात बसवत नव्हतं. याचं साधं इंग्रजी मला येत होतं. पण हे आख्खं वाक्य त्यांच्या जागेत मावणार नव्हतं. मी त्यांचं पान काढून ठेवलं, नवा कागद चढवला आणि ते पान सुरुवातीपासून टाइप केलं. उरलेली कथा शब्दकोश घेऊन हळूहळू केली. माझ्या पानांवर खाडाखोड पुष्कळ होती.

पुस्तक त्या कथेसह निघालं. आता ते मिळत नाही. त्यांचं पान माझ्याकडे आहे. त्यातली जागा कोरी आहे.