त्रेचाळीस नंबर कोणी वाढवला

"ही आमची बाई. काचेची भांडी हिच्या हातून फार स्वच्छ निघतात. पिढीजात हात आहे ना!"

सर हे माइकवर बोलले. आदिलाबादला आमच्या कॉलेजच्या सभागृहात, त्यांच्याच सत्काराच्या दिवशी. पहिल्या रांगेतल्या एका पाहुण्यांनी विचारलं होतं की समुद्रातले हे जीवाणू इथे, समुद्रापासून इतक्या लांब, जिवंत कोण ठेवतं. मी बाजूच्या दाराशी उभी होते. शाल-श्रीफळाचा ट्रे माझ्याच हातात होता. सरांनी माझ्याकडे बोट केलं आणि सभागृह हसलं.

मीही हसले.

हे आधीच लिहून ठेवते, कारण अशा गोष्टी सांगताना माणूस स्वतःचं हसणं गाळतो.

मी वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. आहे. चौदा वर्षं सरांच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. भांडी मीच धुते. पण समुद्राचं पाणीही मीच बनवते. एकेक क्षार तोलून, बोअरच्या पाण्यात नाही तर ऊर्ध्वपातित पाण्यात, कारण आमच्या बोअरच्या पाण्याने जीवाणू मरतात. सायनोबॅक्टेरिया म्हणजे नील-हरित जीवाणू. समुद्रात खडकावर त्यांची शेवाळासारखी चटई बसते. त्यांना ना काटा, ना कवच. आपल्याला कोणी खाऊ नये म्हणून ते विषं तयार करतात, आणि त्या विषांत माणसं औषध शोधतात. सर तेच शोधत होते. किनाऱ्यावरची मोठी नोकरी सोडून ते आपल्या जिल्ह्यात परत आले, कॉलेजने दोन खोल्या दिल्या. कणभरही धूळ चालत नाही अशा त्या खोल्या मी उभ्या केल्या.

सर आमच्याच गावचे. जैनथकडचं गाव, पाटलांचं घर. माझी माय त्यांच्या वावरात कापूस वेचायची. आम्ही बौद्ध. वावरात तहान लागली की मायला ओंजळीत वरून पाणी मिळायचं. म्हणून प्रयोगशाळेतल्या पहिल्या दिवशी सरांनी आपल्या कपासारख्याच कपात मला चहा दिला तेव्हा मी तो किती जपून प्यायले ते मलाच माहीत. ते मला ताई म्हणाले. एवढ्यावर मी चौदा वर्षं विश्वास ठेवला.

समुद्र मी एकदाच पाहिला. नमुने गोळा करायला सरांबरोबर गेले होते. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभं राहून खडकावरून लालसर तपकिरी चटई मी खरवडली आणि डबीवर नंबर घातला, त्रेचाळीस. सर तिथेच म्हणाले, "ताई, यातून काही निघालं तर रिसर्च पेपरात दुसरं नाव तुझं. शब्द आहे माझा."

त्रेचाळीस नंबर कोणाच्याच हाती जगेना. पद्धत अशी की फ्लास्क हलत्या यंत्रावर ठेवायचा, वर पांढरा झगझगीत उजेड. चार दिवसांत धागे तुटून तळाशी पिवळा गाळ. मला तो खडक आठवत होता. तिथे चटई निवांत पडून होती, वर अर्धी सावली. मी यंत्र बंद केलं. उथळ काचेच्या डिशमध्ये बारीक वाळू पसरली, वर दोन बोटं पाणी. उजेड कमी करायला मायच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा, उकळून वाळवलेला, दुहेरी घडी करून वर टाकला. माय मिरचीच्या रोपांवर टाकते तसा. तिसऱ्या आठवड्यात वाळूवर लाल झाक आली. तारीख, पाण्याचं तापमान, कापडाच्या घड्या, सगळं मी वहीत लिहिलं. रोज.

सरांचा पुतण्या तेव्हा पीएच.डी.ला लागला होता. मला मावशी म्हणायचा.

"मावशी, हे काय घाण वाढवून ठेवलं? चिंध्या घालून? यात दुसरे जीवाणू चिकटलेत, बुळबुळीत झालंय सगळं."

"राहू दे दादा. बुळबुळीत आहे तोवर जगतोय."

"विज्ञान असं नसतं, मावशी. आधी शुद्ध करावं लागतं."

त्याने त्याच्या वाट्याचा नमुना औषधं घालून शुद्ध केला. दोन आठवड्यांत मेला. पुन्हा केला, पुन्हा मेला. माझ्या डिशमधला वाढत राहिला. शेवटी माझ्याच डिशा खरवडून अर्क काढला, आणि बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेत त्या अर्काने कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबली. रेणू नवा निघाला. सरांनी पेढे वाटले. मलाही दिला, आधी मला.

त्याच संशोधनाचा तो सत्कार होता. प्रत्येक खुर्चीवर पेपरची प्रत ठेवली होती. ठेवली मीच, पण ठेवताना वाचायला वेळ नव्हता. कार्यक्रम संपल्यावर कप गोळा करताना एक प्रत उचलली. पहिलं नाव सरांचं. दुसरं पुतण्याचं. मग दोन बाहेरची. माझं नाव शेवटच्या पानावर, आभारात. काचसामान स्वच्छ ठेवल्याबद्दल. माझ्या डिशचा फोटो होता. डिशच्या कडेला माझ्या अक्षरात त्रेचाळीस लिहिलेलं असतं, तेवढी कडच कापलेली.

बसने गावी गेले. मायने दारातच ओळखलं.

"काऊन वं, तोंड काऊन असं?"

सांगितलं. ती तूर निवडून राह्यली होती. हात थांबले नाहीत.

"लोकं हासले?"

"हो."

"अन् तू?"

"मी पण हसले, माय."

आता हात थांबले. "मी त्यायच्या वावरात जलम काढला. पाणी वरतून पेली. पन त्यायच्यासंगं मिळून सोतावर हासली नाई मी कधी. तू शिकून हासली?"

मी तिच्याकडे समजूत मागायला गेले होते. मिळाली नाही. बरं झालं.

त्यानंतर दोन महिन्यांनी परदेशातल्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. पेपरातली कृती करून पाहिली, त्रेचाळीस नंबर जगत नाही. आम्हाला मूळ नोंदी पाठवा. मी पेपर पुन्हा नीट वाचला. कृतीत पुतण्याने हलतं यंत्र लिहिलं होतं. झगझगीत उजेड लिहिला होता. शुद्ध केलेला नमुना लिहिला होता. म्हणजे ज्या पद्धतीने नमुना प्रत्येक वेळी मेला तीच. लुगड्याचं कापड आणि बुळबुळीत वाळू त्याला छापायची लाज वाटली. जे घडलं ते न लिहिता, जे घडायला हवं होतं ते त्याने लिहिलं. सरांनी न वाचता सही केली.

सर माझ्या टेबलाशी आले. चौदा वर्षांत पहिल्यांदा स्वतः खुर्ची ओढून बसले.

"ताई, तुझी वही दे. आणि यावर दस्तखत करून टाक. एकच ओळ आहे."

ओळ अशी होती: सर्व निरीक्षणं संशोधक विद्यार्थ्याची असून मी ती केवळ त्याच्या सांगण्यावरून वहीत उतरवली.

"सर, हे खरं नाही."

"खरं-खोटं कशाला? आपण घरचेच. पोराची पीएच.डी. अडेल."

"माझं दुसरं नाव येणार होतं."

"अगं, नावाने काय होतं? तुला नोकरी कोणी दिली?"

मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. "सही नाही करत."

ते उठले. आवाज चढला नाही. "तुमच्या लोकांना जवळ केलं की हेच होतं. मग घास भांडी."

"घासीन, सर. ते माझ्या कामात आहे. खोटं लिहिणं नाही."

 वही ड्रॉवरमध्ये ठेवून मी कुलूप लावलं.

माझं दुःख भांड्यांचं नाही. शत्रूने केलं असतं तर मी एका दिवसात झटकलं असतं. ज्याच्या कपातला चहा मी माणुसकी समजून प्यायले, त्याने तो कप हिशेबाने दिला होता, हे मानायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तो सारखा कप होता, सारखी जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी वहीच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढल्या. मूळ वही संस्थेची, म्हणून ती प्राचार्यांच्या कार्यालयात जमा केली आणि पोच घेतली. शिक्क्यासकट. नमुने संस्थेचे, ते जागेवर आहेत, त्यांचं पाणी मी वेळेवर बदलते. मग पेपर ज्यात छापला त्या मासिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. छापलेली कृती खोटी आहे, खरी कृती सोबत जोडली आहे, ती शोधणारी मी आहे, ही नोंदींची पानं. खाली पूर्ण नाव, गाव, शिक्षण. तेच पत्र त्या परदेशी प्रयोगशाळेला.

उत्तर अजून नाही. सर माझ्याशी बोलत नाहीत. पुतण्या मला आता मावशीही म्हणत नाही. माझ्या बदलीची कुजबुज आहे.

होऊ दे. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहीन, दुसऱ्या संपादकाला, मग तिसऱ्याला. आणि यापुढे माझ्या डोळ्यांनी पाहिलेली एकही गोष्ट माझ्या सहीशिवाय त्या खोलीबाहेर जाणार नाही.