लिलावाचा नारळ

रेवदंड्याहून काशीदला जाताना वाटेत आमचं गाव लागतं. मंडळाच्या सत्यनारायणाला तिथे देवापुढच्या नारळाचा लिलाव होतो. ते पैसे पूर्वी मांडवाला नि बँडला जायचे. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सगळ्या गावाशी भांडून ते कॅन्सरच्या पेशंटसाठी लावले. नियमही ह्यांचाच. नारळ कुणालाही मिळो, ज्याने जेवढी बोली लावली तेवढे त्याने द्यायचे. पण 'तीनवार' म्हटल्याशिवाय लिलाव पुरा होत नाही आणि कुणी पैसे काढत नाही.

पुकारायचे हेच. माइक कधी लागला नाही. आमच्या नारळ-सुपारीच्या वाडीत बोलले तर बंदरावर ऐकू जायचं, आणि जेवताना मीठसुद्धा त्याच आवाजात मागायचे. तीस वर्षं मी "अहो, हळू बोला" म्हणत आले.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आवाज बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या, शेवटी मुंबई झाली. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. थांबू मात्र नका.

घरी आल्यावर हे म्हणाले, "पैसे कुठे आहेत?"

"मंडळाचा निधी आहे की."

"मी स्वतःच त्यातले घेऊ? लोक काय म्हणतील?"

माझं डोकंच फिरलं. हाच माणूस दहा घरांच्या ओटीवर बसून सांगत होता, पैशाचं मंडळावर सोडा, तुम्ही फक्त ऑपरेशनला उभे राहा. तसं मी तोंडावर बोलले. हे उत्तर द्यायला गेले आणि नुसती हवा बाहेर आली. शेजाऱ्यांना ऐकू न गेलेलं आमचं ते पहिलं भांडण. दिवस चालले होते आणि हे सुपाऱ्या सोलत बसायचे. रात्री कूस बदलली तरी मी उठून श्वास बघायचे. इतकी मी कधी घाबरले नव्हते.

शेवटी ह्यांना न सांगता मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. त्यांची मच्छीमारीची बोट आहे. म्हटलं, यंदाचा लिलाव आमच्यासाठी करा, पण पुकारायला दुसरं कुणी बघा.

"आमच्यासाठी कसला, वहिनी? भाऊंसाठी समदा गाव उभा हाय," ते म्हणाले. "पन पुकारतील भाऊच. ते असताना त्यांच्या जागी कोन उभा ऱ्हाईल? त्यांचा अपमान न्हाय व्हनार?"

मानापुढे आमच्या गावात कुणाचं काही चालत नाही. ज्याचा घसा कापायचा, त्यालाच पुकारायला उभं केलं.

महाप्रसाद आटोपल्यावर चारच्या सुमाराला लिलाव सुरू झाला. नारळ आमच्याच वाडीतला. ह्यांनी तो हातात घेतला आणि बोलायला लागले. दगडावर कोयता घासावा तसा आवाज. माइक पुढे केला तर हाताने सारला. मग लोकच पुढे सरकले, अगदी पायाशी येऊन बसले. कोळणींनी मिळून बोली लावली, वाडीवाल्यांनी चढवली, बोटवाल्यांनी त्यावर चढवली. खजिनदार माझ्यापाशी येऊन म्हणाले, "वहिनी, ऑपरेशनपुरतं झालं." मी पदर डोळ्यांना लावला.

बोटवाल्यांच्या वर कुणी जाईना.

"एकवार," हे म्हणाले.

"दोनवार."

आणि थांबले. नारळ छातीशी धरून उभे राहिले. आधी वाटलं, श्वास घेतायत. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. पैशाची अडचण कधी नव्हतीच. तीनवार म्हटलं की सबब संपत होती.

अध्यक्ष खाली बघत होते. ह्यांना बोला म्हणणारं कुणीच नव्हतं, त्यांचा मान होता ना तो. मला सगळ्यांचा राग आला, ह्यांचाही आला. वाटलं, हा माणूस आवाज घेऊन मरेल आणि गाव मानाने बघत बसेल.

मी बायकांच्या सतरंजीवरून उठले आणि ओरडले, "तीनवार!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ह्यांनी नारळ बोटवाल्यांच्या हातात दिला, माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "अगं, हळू बोल."

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. हे वाचले. आता जेवताना मीठ हवं असलं की ताटावर बोट वाजवतात. मी आत चुलीपाशी असले तर मला ऐकू येत नाही.