फ्यूजची तार

राजुऱ्याच्या त्या गल्लीत पहिला कूलर आला तो हरिदास खोब्रागडेंच्या घरी, आणि मग दोन महिने हरिदासच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. कचेरीतला कारकून माणूस. जुन्या सदऱ्याची पिशवी करायची, पिशवी फाटली की फडकं, फडकं विरलं की सायकल पुसायला चिंधी. काटकसर चांगलीच, पण हरिदासला तिचा गर्व होता आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

कूलर समोरच्या नूर मोहम्मदनं केला होता. नूरभाई पत्र्याचं काम करी. एरवी पेट्या आणि बादल्या, उन्हाळ्यात कूलर. त्यानं मन लावून पत्रा ठोकला, वाळ्याच्या ताट्या स्वतः बांधल्या, मोटर बसवली. लगेच हरिदासनं मार्कंड्याकडच्या गावाहून आईला आणलं. बायनाबाई गावी अंगणात जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव घालून उन्हाळा काढायच्या. "तिथं कायले तळमळतं, आई? माह्या घरी कूलर आहे," असं हरिदास चारचौघांत म्हणाला होता. म्हातारी लेकाच्या कौतुकानं आली. तिची खाट कूलरसमोर, दाराच्या मागच्या कोपऱ्यात टाकली.

मग विजेचं बिल आलं आणि हरिदासच्या तोंडचं पाणी पळालं. बायको कमलाला त्यानं बजावलं की दुपारी कूलर लावायचा नाही. तिनं मान हलवली आणि सासूसाठी लावलाच. तिला रागावावं, तर कारण आईच निघायची. तेव्हा त्यानं एक युक्ती काढली. रोज सकाळी कचेरीत निघण्याआधी दारामागच्या बोर्डावरची कूलरची किटकॅट, म्हणजे फ्यूजची चिनी मातीची खिट्टी, ओढायची, तिच्यातली फ्यूजची बारीक तार सोडून खिशात घालायची आणि रिकामी किटकॅट पुन्हा जागच्या जागी खोचायची. बघणाऱ्याला सगळं ठीकठाक. संध्याकाळी आल्यावर तार परत गुंडाळायची, की कूलर सुरू.

"दुपारी चालत काऊन नाई हा?" कमलानं विचारलं.

"नूरभाईची मोटर हलकी आहे. दुपारच्याले उचलत नाई," हरिदास म्हणाला. पटकन सुचलं ते बोलून गेला.

पुढचं बिल निम्म्यावर आलं. कचेरीत साहेबाच्या कूलरची हवा हरिदासच्याच टेबलावरून जात असे. त्या हवेत बसून त्यानं सोबत्यांना घरची काटकसर समजावली आणि आपली पाठ आपणच थोपटून घेतली.

पण बायकांचं बोलणं हापशावर जातं आणि हापशावरून गल्लीभर. नूर मोहम्मदचा कूलर दुपारी दगा देतो, असं होता होता सगळीकडे झालं. नूरभाई बिचारा दोनदा संध्याकाळी येऊन बघून गेला. कूलर झकास चालत होता. डोकं खाजवत परत गेला. शेजारच्या गुलाबनं आपल्यासाठी कूलर सांगितला होता, तो बाजारातून दुसरा घेऊन आला. त्याच्या मापाचा कापलेला पत्रा नूरच्या अंगणात तसाच तापत पडला. येताजाता हरिदासला तो दिसे. त्याला वाईट वाटायचं. वाईट वाटायला पैसे पडत नाहीत, म्हणून तेवढं तो करी.

अशात एका दुपारी बायनाबाई खाटेवरून उठायला गेल्या आणि तिथंच कोसळल्या. अंग तव्यासारखं, जीभ कोरडी, डोळे वर. कमला धावत नूरच्या घरी गेली. त्याची बायको अमिना ओल्या चादरी घेऊन आली, कोणी तळपायांना कांदा चोळला, कोणी कैरीचं पन्हं चमच्यानं पाजलं. गुलाबनं सायकल काढून कचेरी गाठली.

हरिदास घरी पोचला तेव्हा आईनं डोळे उघडले होते. घरात माणसं दाटली होती आणि कूलरची मागची ताटी काढून नूर मोहम्मद मोटरीपाशी घामानं निथळत बसला होता.

"तुह्या कूलरच्या पायी बुढी हातची गेली असती, नूरभाई," गुलाब म्हणाला.

नूरनं मान वर केली नाही. "गलती माझीच असन," तो म्हणाला. "समजून नाई राह्यलं मले. मोटर बदलून देतो, भाभी. पैसे नाई घेत." आणि त्यानं मोटरीच्या नटाला पाना लावला.

तार हरिदासच्या खिशात होती. तोंड उघडायची हीच वेळ होती. त्यानं उघडलंही.

"हो, बदलूनच द्या," तो म्हणाला.

ते शब्द आपलेच आहेत हे कळून त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तरी तो सगळ्यांची नजर चुकवून दारामागं सरकला. तार गुपचूप बसवली की निभलं. त्याचा हात बोर्डाकडं गेला, तोच खाटेवरून मनगट धरलं गेलं.

"नूरच्या हातात दे ते," बायनाबाई म्हणाल्या. आवाज खोल गेलेला, पण सगळ्यांना ऐकू गेला. "खिशातली तार. रोज सकाळी काढतं तू, मले इथून दिसते. पोराची काई अडचण असन म्हणून मी गप होती. पण दुसऱ्याच्या कामाले नाव नको ठेवू."

हरिदासनं तार काढली. केसाएवढी ती तार नूरच्या तळहातावर ठेवताना त्याला वाटलं, आपण आत्ता इथं नसतो तर बरं झालं असतं. नूरनं तिच्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं नाही. तार बसवली, ताटी लावली, बटण दाबलं. कूलर घरघरला. नूरनं झडपा वळवून हवेचा झोत खाटेवर आणला, पाना उचलला आणि घरी गेला. त्याच्यामागून अमिना गेली. मग एकेक करून सगळे उठले. रोज जयभीम घालणारा गुलाबही मुकाट बाहेर पडला. कमला ओली चादर पिळत राहिली. तिनंही वर पाहिलं नाही.

त्या घरात हरिदासशी बोलणारं एकच माणूस उरलं होतं. बायनाबाईंनी पाय आखडून खाटेवर जागा केली.

"बस हवेत," त्या म्हणाल्या. "उन्हातून आला तू."

हरिदासला खाटेपाशी जाता येईना, आणि दाराबाहेर गल्ली उभी होती.