स्वेच्छेवरची फुली

नव्वदीच्या दशकात हैदराबादच्या एका मराठी दैनिकात मी मथळे द्यायचो. हिमायतनगरच्या इराणी हॉटेलात एक गृहस्थ रोज सकाळी आमचा अंक घेऊन बसायचे. टेबलावर सांडलेला चहा बाहीनं पुसायचे आणि लाल पेन्सिलीनं चुकीच्या शब्दांवर फुल्या मारायचे. ते ज्या कारखान्यात कामाला होते, तिथंही माल तपासून खराब नगावर फुली मारत. नाव मी कधी विचारलं नाही.

त्यांच्या कारखान्यानं माणसं कमी केली. पत्रकारांच्या प्रशिक्षण शिबिरात शिकवल्याप्रमाणे मी छोटा, गुळगुळीत मथळा दिला: ‘कामगारांची स्वेच्छानिवृत्ती’. दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त ‘स्वेच्छा’वर फुली मारली.

“शुद्धलेखन तर बरोबर आहे,” मी म्हणालो.

“बरोबरच आहे साहेब. लेकिन मर्जी मालकाची होती, आमची नव्हती.”

पेन्सिल त्यांनी माझ्याकडे सरकवली. मी घड्याळ बघून उठलो. त्यानंतर ते हॉटेलात दिसले नाहीत.

पुढं आमच्याकडे संगणक आले आणि प्रूफरीडरना घरी बसवायचं ठरलं. त्यांच्या राजीनाम्यांचा मजकूर मालकांनी मलाच लिहायला सांगितला. मी ‘स्वेच्छेने’ लिहिलं. एकही वेलांटी चुकली नाही.